जनुकीय विविधतेमुळे एखादी प्रजाती नामशेष होण्यापासून कशी वाचते?

याचे उत्तर मराठवाड्यातील कापूस उत्पादकांनी, दुर्दैवाने, स्वतःच्या शेतातच पाहिले आहे. २००२ मध्ये भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली, तेव्हा त्यातील विषारी प्रथिनामुळे गुलाबी बोंडअळी मरत असे. परंतु अळ्यांच्या प्रचंड संख्येत मोजक्याच अळ्यांची जनुके अशी होती की त्यांच्यावर त्या प्रथिनाचा फारसा परिणाम होत नव्हता, आणि बाकीच्या मेल्यावर त्यांचीच संतती वाढत गेली. २०१७ च्या हंगामात तर दोन प्रथिने असलेल्या वाणांचीही बोंडे या अळीने पोखरली. आपल्या दृष्टीने हे नुकसानच होते, पण प्रजाती तगते ती याच रीतीने. येथे लक्षात घ्यावे की प्रतिकार करणारी जनुके संकट आले म्हणून मागणीनुसार तयार होत नाहीत. ती बहुधा आधीपासूनच थोड्या जीवांत असावी लागतात.

संख्या फार घटली की दुसरी अडचण उभी राहते. जवळच्या नात्यात प्रजनन होऊन आई-बाप दोघांकडूनही तेच सदोष जनुक पिल्लांत येते. अमेरिकेतील फ्लोरिडा पँथर (तेथील पुमा हे मोठे रानमांजर) वीस-तीसच उरले होते, आणि त्यांच्यात हृदयदोष व मुरडलेल्या शेपट्या दिसू लागल्या होत्या. १९९५ मध्ये टेक्सासमधून आणलेल्या ८ माद्या तेथे सोडल्यानंतर हे दोष कमी झाले आणि संख्याही वाढली.

देवणी आणि लाल कंधारी गोवंश शुद्ध राखताना वळूंच्या वेगवेगळ्या वंशावळी जपाव्या लागतात, त्याचेही कारण हेच आहे. अर्थात, अधिवासच नष्ट झाला तर केवळ विविधता पुरेशी ठरत नाही.