पाच संख्यांवर सूत्र ठरवू नको

भाऊ, फ्रायकॅस हे बीजगणित करणारं मोफत सॉफ्टवेअर एकदा लॅपटॉपवर टाकून घे. मग आपल्या खेड्यात रेंज गेली तरी काम अडत नाही. त्यातलं ‘गेस’ पॅकेज संख्यांना बसणारं सूत्र शोधतं. पण घाई नको. वर्तुळावर बिंदू वाढवत सगळे एकमेकांना जोडले, तर आत जास्तीत जास्त भाग पडतात १, २, ४, ८, १६. दुप्पट होतात असं वाटतं ना? पुढची संख्या ३१ आहे! खरं सूत्र चौथ्या घाताचं. त्याचे पाच सहगुणक ठरवण्यातच पाच संख्या संपतात, पडताळायला काहीच उरत नाही. म्हणून दहा-बारा तरी काढ, शेवटच्या तीन-चार झाकून ठेव आणि सूत्रातून त्याच येतात का ते बघ. कॅटलान संख्यांसाठी (१, १, २, ५, १४, ४२…) त्याच पॅकेजमधलं ‘गेसपीरेक’ वापर, ते मागच्या संख्यांवरून पुढची काढायचा नियम शोधतं. रेंज आली की गणिती नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवलेल्या संख्यांच्या अनुक्रमांच्या ऑनलाइन कोशातही (ओईआयएस) शोध.