दुकानात उभं राहून पाय भरून येतात, त्यावर माझं सांगणं

बेटा, तुझं सगळं वाचलं. तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात सकाळी साडेनऊ ते रात्री आठ उभं राहायचं, येता-जाता एसटीतही जागा नाही. रात्री टोंगळ्याखाली, म्हणजे गुडघ्याखाली, पाय शिशासारखे जड, सकाळी पलंगावरून उतरलं की टाचेत खिळा टोचल्यासारखं, आणि बाळंतपणानंतर डाव्या पोटरीवर हिरवी नस वर आलेली. कोणतं तेल लावू आणि दुखण्याची गोळी रोज घेतली तर चालते का, असं तू विचारलंस.

मी २१ वर्षं वर्धा जिल्ह्यातल्या एका फाट्यावर नवऱ्यासोबत नाश्त्याची गाडी चालवली. पहाटे पाचला तर्री चढवायची, मग आलुबोंड्याची कढई, दुपारी दोनपर्यंत बूड टेकायला मिळायचं नाही. म्हणून ऐकीव नाही, पायांनी शिकलेलं सांगते.

तेलाचं आधी. तीळ, जवस, मोहाच्या बियांचं, घरात जे असेल ते कोमट करून लाव. चोळताना हात घोट्याकडून टोंगळ्याकडे वर न्यायचा, आणि फुगलेल्या नसेवर जोर द्यायचा नाही. बरं वाटतं, झोप लागते. पण दहा तासांत पायात जे साचलं ते दहा मिनिटांच्या चोळण्याने जात नाही. मी कितीतरी वर्षं हेच केलं, रात्री तेल आणि दिवसा परत खांबासारखं उभं.

पायातलं रक्त वर हृदयाकडे चढतं ते मुख्यतः पोटरीच्या जोरावर. हापशीचा दांडा हलवला तरच पाणी वर येतं ना, तसंच. चालताना दर पावलाला पोटरी आवळते आणि नसेतलं रक्त वर ढकलते. ते परत खाली येऊ नये म्हणून नसांना आतून बारीक झडपा असतात. एका जागी उभं राहिलं की दांडा बंद. रक्त खालीच थांबतं, नसा ताणतात, वर्षानुवर्षं ताणल्या की झडपा नीट मिटत नाहीत आणि नस वेडीवाकडी फुगते. गरोदरपणात रक्त वाढतं, पोटातून दाबही येतो, म्हणून पुष्कळ बायांच्या नसा तेव्हाच दिसायला लागतात. तुझंही तसंच झालं असेल. म्हणजे त्रास उभं राहण्याचा आहेच, पण त्याहून जास्त न हलता उभं राहण्याचा आहे.

म्हणून इलाज दुकानातच करायचा. साडी दाखवून घडी घालतेस ना? प्रत्येक घडीला दोन्ही टाचा उचल, चवड्यांवर उभी राहा, हळू खाली ये. असं पंधरा-वीस वेळा, दर अर्ध्या-पाऊण तासाने. काउंटरमागे कोणाला दिसतही नाही. दुसरं, पायाखाली एक पाट किंवा वीट ठेव, चार-पाच इंच उंच. एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा. मी कढईजवळ पोत्यात गुंडाळलेली वीट ठेवायची. डावा पाय वर ठेवून बोंडे सोडायचे आणि घाणा काढताना पाय बदलायचा. कंबरेची कळ त्या विटेने पहिल्याच आठवड्यात उतरली. उभ्या जागेवर रबरी चटई मिळाली तर उत्तम, नाहीतर जाड पोतं चौपदरी करून टाक, पण पाय अडकणार नाही असं.

तू लिहिलंस की चपला बाहेर काढून टाइल्सवर अनवाणी उभं राहावं लागतं. टाचेचं मूळ मला तिथेच दिसतं. दुकानात घालायला वेगळे, धूळ न लागलेले बूट मालकाला विचारून तिथेच ठेव. नव्या कोऱ्या बुटांना सहसा कोणी नाही म्हणत नाही. घेताना सांजेला घे, कारण दिवसभरात पाय सुजून मोठा झालेला असतो. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा हवी. टाचेला थोडी उंची, तळव्याच्या कमानीला आधार, मागून टाच धरणारा. अगदी सपाट स्लीपर नको आणि उंच टाचही नको. बुटावर पैसे घालणं म्हणजे चैन, असं आपल्याकडे बायांना वाटतं. अंगावरच्या साडीएवढेच पैसे पायातल्या बुटाला द्यायला काही हरकत नाही, मी तर म्हणते आधी बूट घे.

सकाळच्या खिळ्याचं सांगते. टाचेपासून बोटांपर्यंत तळव्यात एक जाड पट्टा असतो. तो दिवसभर ताणला जातो, रात्री आखडतो, आणि सकाळच्या पहिल्या पावलाला एकदम ओढला जातो. म्हणून उतरण्याआधी पलंगावरच पायाची बोटं हाताने नडगीकडे ओढून दहा आकडे मोज, असं दहा वेळा. मग भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, टोंगळा सरळ. पोटरी ताणलेली कळली की तीस आकडे थांब, दोन्ही पायांना तीन-तीनदा. रात्री पाण्याची बाटली बर्फ करून तळव्याखाली पाच-सात मिनिटं फिरव. फ्रीज नसेल तर लाटणं चालेल. हे चार दिवसांचं काम नाही, दोन-तीन महिने रोज लागतं. पुष्कळ जणी पंधरा दिवसांत सोडतात आणि मग म्हणतात, काही फरक नाही.

घरी आल्यावर आधी भाकरीकडे धावू नकोस. सतरंजीवर पाठ टेक, पाय भिंतीला वर लाव, पंधरा मिनिटं. लेकरू अंगावर चढलं तर चढू दे. सासूबाईंना एकदा नीट समजावून सांग, त्यांचेही पाय शेतात झिजले असतील, त्यांना कळेल. पाय छातीच्या वर राहिले पाहिजेत, खुर्चीवर बसून स्टुलावर ठेवले तर तेवढा उतार होत नाही. कोमट पाण्यात मीठ टाकून पाय बुडवायचे तर बुडव, ऊबेने बरं वाटतं. पण घरात कोणाला शुगर असेल तर त्यांना हा उपाय सांगू नकोस. त्यांच्या तळव्याला पुष्कळदा चटका कळत नाही आणि फोड येतो.

आता पाण्याचं. दुकानात बाईमाणसासाठी संडास नाही म्हणून तू दिवसभर पाणीच पीत नाहीस, हे वाचून जीव कळवळला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. उकाड्याने नसा सैल पडून पाय जास्त सुजतात, आणि घाम जाऊन पाणी कमी पडलं की रात्री पोटरीत गोळा येऊ शकतो. शेजारच्या दुकानातल्या बायांना धरा, सगळ्यांनी मिळून मालकांकडे संडासाचं बोला. एकटीने बोललीस तर तक्रार वाटेल.

बसण्याचंही तसंच. जुन्या पेठेत कापडाच्या दुकानात गादी असायची, विकणारा बसून आणि घेणाराही बसून. शोरूम झाले, गादी गेली, काउंटर आला आणि पोरींना उभं केलं. ‘बसलेली पोरगी दिसली की गिऱ्हाईक परत जाते’ हे तुझ्या मालकाचं म्हणणं मला पटत नाही. केरळात कापड दुकानांतल्या बायांनी बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकान कायद्यात बदल झाला. तामिळनाडूनेही २०२१ मध्ये तसाच बदल केला. कारखान्यांसाठी तर १९४८ च्या कायद्यातच कलम ४४ होतं, उभ्याने काम करणाऱ्याला बसायची सोय हवी म्हणून. तू भांडायला जा असं नाही म्हणत. एक उंच स्टूल माग, आणि गिऱ्हाईक आलं की उठेन असं सांग. दिवसातून पाच-सात वेळा पाच-पाच मिनिटं बसायला मिळालं तरी पायांना उसंत मिळते.

नसेचं मात्र पुढे ढकलू नकोस. माझ्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी काळपट पडली, खाज सुटायची. मी गजकर्ण समजून मेडिकलमधून मलम आणलं. वरून पोटरीला कापड घट्ट बांधलं, त्याने खालचा पाय अजून सुजला. सांजेला जोडवी निघायची नाहीत, साबण लावून ओढायची. मग तिथे चिंचोक्याएवढी जखम झाली आणि चार महिने भरली नाही. शेवटी सेवाग्रामला दाखवलं, नसांची सोनोग्राफी झाली. तिथे पायाच्या बोटांपासून टोंगळ्याखालीपर्यंत दाबाची पट्टी बांधायला शिकवली, खाली घट्ट आणि वर सैल होत जाणारी. मी नेमकं उलटं करत होते. जखम भरली, पण डाग अजून आहे.

दाबाचे मोजे मिळतात, पण अंदाजाने घेऊ नकोस. घोटा आणि पोटरी सकाळी मोजून घ्यायचे, आणि किती दाबाचे ते डॉक्टरने सांगायचं. १५ ते २० mmHg (हे दाबाचं माप) चे हलके असतात, फुगलेल्या नसेला त्याहून जास्त दाबाचे लागू शकतात. अंथरुणातून उठायच्या आधीच चढवायचे, पाय सुजल्यावर नाही. शुगर असेल, पाय बधिर किंवा थंडगार असतील, तर विचारल्याशिवाय घालायचेच नाहीत.

गोळी रोज नको. एखाद्या दिवशी जेवण करून घेतलीस तर ठीक. पण उपाशीपोटी, पाणी न पिता, महिनोन् महिने घेतली की पोटात व्रण होऊ शकतो आणि मूत्रपिंडावर भार येतो. गोळीने दुखणं झाकलं जातं, सूज तशीच राहते.

आणि हे पक्कं लक्षात ठेव: एकच पाय अचानक सुजला, गरम लागला, पोटरी दाबली की कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना. चोळायचं नाही, मालिश नाही, कारण आत रक्ताची गुठळी असू शकते. सोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर सकाळची वाट पाहू नका, तसंच गाडीत घाला.

तुझ्या हाताशी दिवसभर कापड मोजायचा टेप असतोच. उद्या सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री घरी आल्यावर दोन्ही पोटऱ्या जाड भागाशी मोज, आठ दिवस वहीत लिही. रात्री दोन्ही सारख्याच वाढत असतील तर वर सांगितलेलं धर. डावी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने जास्त भरली, तर आठ दिवस पूर्ण करत बसू नकोस, लगेच दाखव. आकडे मला कळव, बेटा, मी रात्री नऊनंतर पाहते.