कार्डावर १००, हातात २२

प्रश्न: मी ई अँड टीसीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मिनी प्रोजेक्टसाठी रास्पबेरी पाय ३ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर मेमरी कार्डाचा वेग डीडी या लिनक्सच्या कॉपी कमांडने मोजला. कार्डावर सेकंदाला १०० एमबी छापलंय. वाचताना २२ आले, लिहिताना चक्क १८०! कार्ड बनावट आहे का? आणि ड्रायव्हरच्या कामात करिअर होतं, की सगळ्यांसारखं वेब डेव्हलपमेंटच शिकू?

उत्तर: कार्डाला बोल लावू नकोस. पाय ३ चा स्लॉट ३.३ व्होल्टवरच चालतो, म्हणजे हाय स्पीड मोड: घड्याळ (क्लॉक) ५० मेगाहर्ट्झ, डेटा लाइन ४. गुणाकार केलास तर २०० मेगाबिट, आठने भागलास की सेकंदाला २५ एमबी. त्यातून कमांड आणि सीआरसीचा (डेटातली चूक पकडणाऱ्या तपासणीचा) वेळ गेला की २२ अगदी रास्त. १०० च्या आसपास जायला एसडीआर१०४ हा वेगवान मोड लागतो, १.८ व्होल्ट आणि २०८ मेगाहर्ट्झ. तो पाय ५ वर आहे. डीबगएफएसमध्ये (कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आतली माहिती जिथे दाखवतो ते फोल्डर) एमएमसी० या कार्ड स्लॉटच्या नावाखाली 'आयओएस' नावाची फाइल असते, ती उघड. घड्याळ, व्होल्टेज, मोड सगळं तिथे दिसेल. (बस विड्थपुढे २ दिसलं तर दचकू नकोस, कंसात '४ बिट्स' असतं.)

१८० हा आकडा कार्डाचा नव्हेच, रॅमचा आहे. डीडीने डेटा पेज कॅशमध्ये (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात) ओतला आणि काम झालं म्हणून सांगितलं. डीडीला 'कॉन्व्ह=एफसिंक' दे, म्हणजे डेटा कार्डावर पोचेपर्यंत ती थांबेल, आणि फाइल १ जीबी रॅमच्या दुप्पट घे. वाचण्याआधी कॅश रिकामी करायला ड्रॉप-कॅशेस या फाइलमध्ये ३ लिही. बनावट कार्ड बहुधा क्षमतेत फसवतं; ती शंका एफ३ या तपासणीच्या प्रोग्रॅमने फेडून घे.

इथवर मोजणीच्या वाटेत फाइल सिस्टीम होती. ती बाजूला सारायची तर कर्नलमधला एमएमसी_टेस्ट ड्रायव्हर आहे. तो सहसा बंद असतो. मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या सेटिंगच्या मेन्यूत) एमएमसी विभागात चालू करून मॉड्यूल बांध. मग कार्ड एमएमसीबीएलके या नेहमीच्या ड्रायव्हरपासून अनबाइंड (वेगळं) करून एमएमसी_टेस्टला बाइंड कर (जोड), टेस्टलिस्ट ही चाचण्यांची यादी वाच आणि हवा तो क्रमांक 'टेस्ट' फाइलमध्ये लिही. निकाल डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) येतो, ट्रान्सफर साइझप्रमाणे. यात कार्डावरचा डेटा पुसला जातो. पायची ऑपरेटिंग सिस्टीम त्याच कार्डावर असते, तेव्हा हा प्रयोग तिथे नको. बीगलबोन ब्लॅक ही पायसारखीच बोर्ड घे: ती ईएमएमसीवरून (बोर्डावरच बसवलेल्या स्टोरेज चिपवरून) बूट होते, स्लॉट मोकळा राहतो. तिथे एमएमसी० आणि एमएमसी१ यांतलं एक कार्ड, दुसरं ईएमएमसी; बाइंड करताना त्यांत गफलत झाली तर मात्र बोर्डच पुसलं जाईल. यूएसबी रीडर इथे कामाचा नाही, तो या ड्रायव्हरच्या वाटेने जातच नाही.

चाचणीत 'उणे ८४' ही एरर आली तर सीआरसी चुकला: ढिला संपर्क, लांब जंपर वायर. घड्याळ २५ मेगाहर्ट्झवर आणून चूक गेली तर दोष वायरिंगचा धर. उणे ११० म्हणजे टाइमआउट. पॉवर सप्लायही तपास.

आता करिअर. फ्रेशरसाठी वेबपेक्षा जागा कमी, हे खरं. पण बीएसपी (बोर्डावर ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि स्टोरेज व्हॅलिडेशनच्या (स्टोरेज तपासणीच्या) मुलाखतीत '२२ का आले?' हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत विचारतात, आणि मुलं डीडीचा स्क्रीनशॉट दाखवून थांबतात. पुण्यात वाहनांच्या इलेक्ट्रॉनिक्सचं, बंगळुरूत चिप आणि स्टोरेजचं काम चालतं. सी शिकताना पॉइंटर आणि स्ट्रक्चर पक्के कर. बाकी पदवीनंतर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा पीजी डिप्लोमा आहे, त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. रिझ्युमेत 'कार्डाचा वेग मोजला' असं लिहू नकोस. मोड, घड्याळ, ब्लॉक साइझ आणि कॅशसह-कॅशविना असे दोन्ही आकडे एका ओळीत दे.