बिनकाट्याचा निवडुंग आणि हरणाची पावले

प्रश्न : मला कॅक्टस जोपासण्याचा छंद आहे. ‘पेयोटे’ नावाचा एक बिनकाट्याचा कॅक्टस खाल्ल्याने भास होतात आणि मेक्सिकोतील आदिवासी त्याला देव मानतात, असे वाचले. हे खरे आहे का? आपल्या बांधावरच्या निवडुंगाशी त्याचे काही नाते आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आधी नात्याचे पाहू. बांधावर कुंपणासाठी लावतात तो तीनधारी निवडुंग मुळात कॅक्टस नव्हेच. तो एरंडाच्या कुळातला आहे आणि त्याची फांदी मोडली की पांढरा चीक गळतो. फड्या निवडुंग मात्र खरा कॅक्टस असून तो अमेरिका खंडातून आपल्याकडे आलेला आहे. त्यामुळे पेयोटेशी भाऊबंदकी सांगायचीच झाली, तर ती फड्याने सांगावी.

पेयोटे (शास्त्रीय नाव लोफोफोरा विल्यम्सी) मेक्सिकोच्या उत्तर भागात आणि टेक्ससच्या दक्षिण टोकाला चुनखडीच्या जमिनीत, काटेरी झुडपांच्या सावलीत वाढतो. जमिनीला टेकलेली निळसर हिरवी, चपटी गाठ, तिच्यावर फुगीर पाकळ्यांसारखे विभाग आणि काट्यांच्या जागी पांढुरक्या केसांचे पुंजके, एवढेच त्याचे वर दिसणारे रूप. गाजरासारखे जाड मूळ मातीखाली असते. माळरानात बी रुजल्यापासून रोप पुरते वाढायला दहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. आर्थर हेफ्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९७ मध्ये यातील निरनिराळी द्रव्ये वेगळी करून स्वतःवरच त्यांचा प्रयोग केला आणि भास होतात ते मेस्कलीनमुळे, हे दाखवून दिले. चव अतिशय कडू असते, बहुतेकांना आधी मळमळ आणि उलटी होते आणि परिणाम दहा-बारा तास टिकतो. गंमत म्हणून खाण्याचा हा पदार्थ नव्हे, हे एवढ्यावरूनच लक्षात यावे.

‘देव मानतात’ हे खरे आहे, पण अपुरे आहे. पश्चिम सिएरा माद्रे डोंगरांत राहणारे विक्सारिका लोक (बाहेरचे त्यांना उइचोल म्हणतात) या वनस्पतीला ‘हिकुरी’ म्हणतात, आणि हिकुरी, हरीण व मका ही त्यांच्या लेखी एकाच दैवताची तीन रूपे आहेत. हिकुरी त्यांच्या गावाजवळ उगवत नाही. त्यासाठी सान लुइस पोतोसी राज्यातील विरिकुता या वाळवंटापर्यंत काही शे किलोमीटरची यात्रा करावी लागते. पूर्वी ती पायी होत असे, आता बराचसा टप्पा वाहनाने पार पडतो. यात्रेकरू शेकोटीभोवती बसून, म्हणजे ‘आजोबा अग्नी’च्या साक्षीने, आपापल्या विवाहबाह्य संबंधांची नावे सर्वांसमोर उच्चारतात. पुरोहित प्रत्येक कबुलीसाठी दोरीला एक गाठ मारतो आणि ती दोरी अग्नीत टाकतो. नवरा किंवा बायको समोर असली तरी कोणी रागवायचे नाही, असा दंडक आहे. वाळवंटात पोहोचल्यावर पहिला हिकुरी दिसला की ती हरणाची पावले मानून पुरोहित त्यावर बाण सोडतो. मगच त्याच्या फोडी करून सर्वांना वाटल्या जातात. कापताना मूळ जमिनीत राखतात, कारण मूळ शाबूत राहिले तरच तेथून नवी गाठ फुटते.

या यात्रामार्गाचा समावेश युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत केला. पॅरिसच्या त्याच अधिवेशनात शिवकालीन बारा किल्ल्यांनाही तो मान मिळाला; आपल्या वर्तमानपत्रांत त्या आनंदापुढे ही बातमी झाकोळली गेली, हे स्वाभाविकच होते.

प्रश्न : अमली पदार्थ म्हणून त्यावर बंदी असताना अमेरिकेत चर्चमध्ये पेयोटे कसा चालतो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : बंदीचा इतिहास बराच जुना आहे. स्पेनच्या अमलाखालील मेक्सिकोत धर्मन्यायालयाने १६२० मध्येच पेयोटेच्या वापराला मनाई केली होती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अमेरिकेतील मूळ रहिवासी जमाती राखीव क्षेत्रांत कोंडल्या गेल्या असताना, त्यांच्यात हा विधी झपाट्याने पसरला. त्याला कायद्याचे कवच मिळावे म्हणून १९१८ मध्ये ओक्लाहोमात ‘नेटिव्ह अमेरिकन चर्च’ची रीतसर नोंदणी झाली. ‘चर्च’ हा शब्द ऐकून घंटेचा मनोरा डोळ्यांसमोर आणू नये. विधी सहसा शंकूच्या आकाराच्या तंबूत रात्रभर चालतो. मातीची चंद्रकोरीसारखी वेदी, पाणी भरलेला ढोल, भोपळ्याचा खुळखुळा आणि आळीपाळीने गायलेली गीते अशी त्याची मांडणी असते. पहाटे एक स्त्री पाणी घेऊन येते आणि मग सर्वजण न्याहारी करतात.

१९९० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, पेयोटे सेवनामुळे नोकरी गेलेल्यांना धर्मस्वातंत्र्याच्या आधारे बेकारभत्ता मागता येणार नाही. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९९४ च्या कायदादुरुस्तीने मूळ रहिवासी जमातींच्या धार्मिक वापराला देशभर संरक्षण मिळाले. ही सूट त्यांच्यापुरतीच आहे. माझ्या मते ते योग्यच आहे, कारण हौशी पर्यटकांनी आणि चोरट्या तोडणाऱ्यांनी मुळासकट उपटलेली रोपे पुन्हा उगवत नाहीत, आणि टेक्ससमधील माळरानेही नांगराखाली जात आहेत.

प्रश्न : मग कुंडीत लावावा का?
— सोलापूरच्याच वाचकाचा जोडप्रश्न

उत्तर : लावू नये. मेस्कलीन आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत आहे आणि जवळजवळ सर्वच कॅक्टसांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. बिनकाट्याचेच रूप हवे असेल, तर रोपवाटिकेत बियांपासून वाढवलेला अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास घ्यावा. हाही पेयोटेच्याच मुलखातला, इतका सारखा की टेक्ससमधले पेयोटे तोडणारेसुद्धा कधी कधी चुकून त्यालाच कापतात. त्याला ऊन भरपूर आणि पाणी मात्र बेताने द्यावे.