एका स्त्रीच्या धैर्यामुळे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी झटणाऱ्या वंशद्वेषी संघटनेचा जोर ओसरला, हे खरे आहे का?

होय, अमेरिकेतील इंडियाना राज्यात तरी ते खरे आहे. मार्च १९२५ मध्ये तिथल्या क्लॅनचा सर्वेसर्वा डी. सी. स्टीफन्सन याने मॅज ओबरहोल्ट्झर या तरुणीला रेल्वेने पळवून नेऊन तिच्यावर पाशवी अत्याचार केला. पाऱ्याचे विष घेतलेल्या, अंगभर चाव्यांच्या जखमा असलेल्या मॅजने मृत्युशय्येवरून वकिलाला सारा वृत्तान्त सांगितला आणि लेखी जबाब वाचून घेऊन त्यावर सही केली. हे धैर्य मला असामान्य वाटते, कारण राज्याचे राजकारण त्या माणसाच्या मुठीत होते. त्याच जबाबाच्या आधारे त्याला जन्मठेप झाली. स्त्रियांच्या अब्रूचे रक्षक म्हणवणाऱ्या क्लॅनचे पितळ उघडे पडले आणि सभासद झपाट्याने गळाले. पुढे माफी न मिळाल्याने चिडलेल्या स्टीफन्सननेच लाचखोर पुढाऱ्यांची नावे फोडली.