नोंदीत ‘म्हणे’ नको

रुग्णाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं की पुढे काय करायचं, असं विचारणारी उपचारकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यातली काही इथे घेतो.

प्रश्न : मी समुपदेशक आहे. तिसऱ्या भेटीत एक तरुणी म्हणाली, लहानपणी मामा अंगाला हात लावायचा. मी पटकन विचारलं, ‘कपड्यांच्या आतून ना?’ ती ‘हो’ म्हणाली. तेव्हापासून मन खातंय.

मन खातंय ते योग्यच. आपल्या भाषेतला हा ‘ना’ फार लबाड. दिसायला प्रश्न, पण उत्तर आपणच पुरवलेलं असतं. समोरची व्यक्ती धास्तावलेली असेल तर ‘हो’ म्हणून मोकळी होते. ‘मग काय झालं?’, ‘अजून काही सांगावंसं वाटतं का?’ एवढं पुरे. तपशील खणून काढणं हे तपास करणाऱ्यांचं काम. झालेली चूक झाकू मात्र नका. तुमचा प्रश्न आणि तिचं उत्तर जसंच्या तसं नोंदवा.

प्रश्न : केसपेपरवर ‘आरोप’ लिहावं की ‘तक्रार’?

दोन्ही नको. मी वाचलेली एक नोंद अशी होती : ‘लहानपणी नातेवाइकाने त्रास दिला म्हणे.’ ‘त्रास’मधून काहीच कळत नाही आणि ‘म्हणे’मधून लिहिणाऱ्याचा अविश्वास तेवढा कळतो. त्याऐवजी लिहा : रुग्ण सांगते, “मी सातवीत होते. आई बाहेर गेली की तो कडी लावायचा.” शब्द तिचे, अवतरणात. खाली तारीख, वेळ, खोलीत कोण होतं. ‘हात थरथरत होते’ हे लिहा, ‘खरं बोलत असावी’ हे लिहू नका. काहीजणी भाजीचा हिशेब सांगावा इतक्या कोरडेपणाने सांगतात. त्यावरूनही काही ठरत नाही.

प्रश्न : रुग्णाला काही आठवत नाही, पण लक्षणांवरून मला दाट संशय आहे. संमोहनाने आठवण बाहेर काढू का?

नाही. झोप उडणं, स्पर्शाची भीती यांना दहा कारणं असतात. १९९५ साली लॉफ्टस आणि पिकरेल या मानसशास्त्रातल्या संशोधकांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या प्रसंगांचं वर्णन वाचायला दिलं; त्यात ‘तुम्ही दुकानांच्या गर्दीत हरवला होतात’ हा एक प्रसंग बनावट होता. साधारण चौथा हिस्सा लोकांना तो थोडाफार तरी ‘आठवला’. संमोहनाने आठवणींची खात्री वाढते, अचूकता वाढेलच असं नाही. पण हाच प्रयोग आपणहून बोलणाऱ्या रुग्णाच्या तोंडावर फेकणारेही मी पाहिलेत. आपणहून सांगितलेली आठवण खोटी, असा त्याचा अर्थ नाही.

प्रश्न : आमच्याच केंद्रातल्या फिजिओथेरपिस्टबद्दल एका रुग्णाने सांगितलं. माणूस सज्जन आहे, पंधरा वर्षांची ओळख. आधी त्याच्याशी बोलून घेऊ का?

अजिबात नको. तुमच्या त्या खासगी गप्पांनंतर रुग्णाला फोन जाऊ शकतो, नोंदी बदलू शकतात. त्याच दिवशी जबाबदार वरिष्ठांना लेखी कळवा. चौकशी होईपर्यंत त्याला रुग्णांपासून दूर ठेवायचं. ही शिक्षा नाही, हे त्यालाही सांगावं. चौकशी बाहेरच्या माणसांनी करावी, कारण पंधरा वर्षांची ओळख तुमची आहे, रुग्णाची नाही. उपचारातला स्पर्श गैरसमजाने वेगळा वाटला, असंही घडतं. म्हणूनच स्पर्शाआधी सांगितलं होतं का, संमती घेतली होती का, तिसरं कोणी हजर होतं का, हे तपासायचं. आणि तिचे उपचार एक दिवसही थांबू देऊ नका.

प्रश्न : ‘कुणाला सांगू नका’ असं रुग्ण म्हणाला तर?

असं वचन देऊच नका. मूल धोक्यात असेल तर गुप्तता संपते, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचं. कळवण्याबाबत तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो तेही आधीच वाचून ठेवा.

प्रश्न : घटना कालचीच असेल तर?

तर बोलत बसू नका. एचआयव्ही प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, तातडीचं गर्भनिरोधक १२० तासांच्या आत. दोन्ही जितकं लवकर तितकं बरं. तक्रार करायची नसली तरी उपचार अडवायचे नसतात. अंघोळ झाली, कपडे धुतले, आता काय उपयोग, असं ती म्हणेल. तरीही सोबत कुणाला तरी देऊन रुग्णालयात पाठवा.