बर्ड फ्लूची लागण झाल्यावर पेशींमधला ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो का?

हो, वाढतो. हा ताण म्हणजे पेशीला इजा करणारे ऑक्सिजनचे रेणू आवरेनासे होणं. नाशिकच्या विद्यार्थ्याने हे विचारलं याचं बरं वाटलं. २००६ मध्ये कोंबड्यांमधला एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा विषाणू, देशात पहिल्यांदा आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला.

डिशमध्ये वाढवलेल्या पेशींना लागण झाली की मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाकेंद्रं) आणि नॉक्स या एन्झाइममधून रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन रेणू भराभर तयार होतात आणि त्यांना आवरणारं पेशीतलंच ग्लुटाथायोन हे द्रव्य घटत जातं. या रेणूंमुळे चमकू लागणारा डीसीएफ डाय (रंग) वापरला तर अशा पेशी मायक्रोस्कोपखाली जास्त हिरव्या चमकतात.

खरी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. लॅबमध्ये वाढवलेल्या फुफ्फुसाच्या ए५४९ प्रकारच्या पेशींना एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे अँटीऑक्सिडंट (असे रेणू आवरणारं द्रव्य) दिल्यावर एच५एन१ची वाढही मंदावली आणि सायटोकाइन हे दाह वाढवणारे संदेश-रेणूही घटले. म्हणजे हा ताण विषाणूच्या पथ्यावरच पडतो! मात्र त्यावरून हे अँटीऑक्सिडंट बर्ड फ्लूचं औषध ठरत नाही. आणि जिवंत एच५एन१ कॉलेजच्या लॅबमध्ये हाताळायचा नाही, त्याला बीएसएल-३, म्हणजे कडक जैवसुरक्षेची लॅब लागते.